सिडनी ते ॲडलेड : एकोणीस दिवस

2 जानेवारी 1981 रोजी सिडनीच्या मैदानावर भारताने प्रथम फलंदाजी घेतली, तेव्हा समोर डेनिस लिली, रॉडनी हॉग आणि लेन पास्को असे तीन खऱ्या अर्थाने वेगवान गोलंदाज होते. मधल्या फळीत 24 वर्षांचा संदीप पाटील खेळत होता. शिवाजी पार्कात वाढलेला, बालमोहन विद्यामंदिर आणि रुईया कॉलेजात शिकलेला हा उंचापुरा फलंदाज कसोटी क्रिकेटमध्ये येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. त्याची ओळख एकाच गोष्टीसाठी होती : चेंडू फार जोरात आणि फार लांब मारणं. 1979-80च्या रणजी मोसमात वानखेडेवर सौराष्ट्राविरुद्ध त्याने 210 धावा कुटल्या होत्या आणि त्या खेळीतले षटकार मुंबईत बराच काळ चर्चेत होते. सिडनीत त्या दिवशी त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं.

हॉगचा एक चेंडू त्याच्या गळ्यावर बसला. पाटील थांबला नाही, त्याने हेल्मेटही मागवलं नाही. थोड्या वेळाने पास्कोचा बाऊन्सर थेट कानाजवळ आदळला आणि तो खेळपट्टीवरच कोसळला. धावफलकावर त्याच्या नावापुढे नोंद झाली : 65, जखमी निवृत्त. भारताचा डाव 201 धावांत आटोपला आणि त्यातली सर्वांत मोठी खेळी याच मुलाची होती. ग्रेग चॅपेलने एकट्याने 204 धावा केल्या आणि भारत एक डाव 4 धावांनी हरला. हा सामना 4 जानेवारीला, तिसऱ्याच दिवशी संपला.

पुढची कसोटी ॲडलेडला 23 जानेवारीला सुरू झाली. किम ह्यूजच्या 213 आणि ग्रॅहम वुडच्या 125 धावांच्या बळावर ऑस्ट्रेलियाने 528 धावांचा डोंगर उभा केला. त्याला उत्तर देताना चेतन चौहानने 97 धावा केल्या आणि पाटीलने 174. त्यात 22 चौकार होते आणि एक षटकार. गोलंदाज तेच होते : लिली, हॉग, पास्को. ऑस्ट्रेलियात भारतीय फलंदाजाने तोवर केलेली ही सर्वांत मोठी कसोटी खेळी होती. विजय हजारेंनी 1948 साली याच मैदानावर दोन्ही डावांत शतकं ठोकली होती, त्यातल्या 145 धावांचा विक्रम 33 वर्षं टिकला होता.

दोन कसोट्यांच्या मध्ये एकोणीस दिवस होते. एवढ्यात माणसाचे डोळे तीक्ष्ण होत नाहीत आणि मनगटंही बदलत नाहीत. मग बदलतं काय?

याचं उत्तर शोधायचं तर आधी एक गैरसमज बाजूला सारावा लागतो. मोठा फलंदाज सामान्य माणसापेक्षा झटपट प्रतिक्रिया देतो, असं आपण धरून चालतो. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ पीटर मॅक्लाउड यांनी 1987 साली याचीच परीक्षा घेतली. त्यांनी मॅटिंगच्या खेळपट्टीखाली लाकडी पट्ट्या लपवल्या, म्हणजे टप्पा पडल्यावर चेंडू डावीकडे वळेल की उजवीकडे हे कुणालाच आधी कळू नये. आंतरराष्ट्रीय दर्जाच्या फलंदाजांना त्यावर खेळवलं. चेंडूने दिशा बदलल्यावर बॅटची वाट बदलायला त्यांनाही सुमारे 200 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा लागला. प्रयोगशाळेत बटण दाबणाऱ्या कुणाही धडधाकट माणसाला साधारण तेवढाच वेळ लागतो.

आता वेळेचा हिशेब मांडू. खेळपट्टी 22 यार्डांची, म्हणजे 20.12 मीटर. पण गोलंदाज आपल्या क्रीजवरून चेंडू सोडतो आणि फलंदाज आपल्या क्रीजवर उभा असतो, म्हणून प्रत्यक्ष अंतर साडेसतरा मीटरच्या आसपास उरतं. ताशी 140 किलोमीटरच्या चेंडूला ते कापायला साधारण अर्धा सेकंद लागतो. त्यातला पाचवा हिस्सा सेकंद प्रतिक्रियेत जातो, बॅट वरून खाली आणायलाही वेळ हवा असतो. टप्पा पडल्यानंतर उरतात सेकंदाचे दोन-तीन दशांश. चेंडू पडल्यावर बघू आणि मग ठरवू, ही चैन अशा गोलंदाजीपुढे कुणालाच परवडत नाही. फलंदाजाला ठरवावं लागतं ते चेंडू पडण्याआधीच.

मग तो ठरवतो कशाच्या आधारावर? याच मॅक्लाउड यांनी मायकेल लँड यांच्या जोडीने 2000 साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या दर्जाच्या फलंदाजांच्या डोक्यावर लहान कॅमेरा बसवून, गोलंदाजी यंत्रासमोर खेळताना त्यांची नजर कुठे जाते याची नोंद त्यांनी घेतली. ‘चेंडूवर नजर ठेव’ असं प्रत्येक प्रशिक्षक सांगतो. प्रत्यक्षात एकाही फलंदाजाची नजर चेंडूवर सलग नव्हती. चेंडू सुटताना ती यंत्राच्या तोंडावर असते. नंतर ती चेंडूला मागे टाकून पुढे उडी मारते, चेंडू जिथे पडणार तिथे आधीच पोहोचून त्याची वाट बघते, आणि टप्पा पडल्यावर थोडा वेळ पुन्हा चेंडूचा माग काढते. चांगला फलंदाज ही उडी लवकर घेतो, कच्चा उशिरा. श्रेष्ठ फलंदाज तर त्याच्याही आधीपासून सुगावा घेत असतो. गोलंदाजाची धाव, खांद्याचा कोन, मनगट यांवरून चेंडू आखूड येणार की पुढे, बाहेर जाणार की आत येणार, याचा त्याला बराचसा अंदाज आलेला असतो.

म्हणजे फलंदाजी हा मुळात भाकिताचा खेळ आहे आणि भाकीत उभं राहतं जुन्या अनुभवावर. शिवाजी पार्कावर, क्रॉस मैदानावर, वानखेडेवर खेळलेले हजारो चेंडू डोक्यात एक नकाशा तयार करतात : इथे पडलेला चेंडू इतका उठतो, इतक्या वेळात येतो. हा नकाशा इतका खोल बसतो की तो आहे हे खुद्द फलंदाजालाही जाणवत नाही. परदेशात गेल्यावर नजर तीच राहते, हात तेच राहतात, फक्त नकाशा चुकीचा ठरतो. सिडनीत पाटीलला लागलेले दोन्ही चेंडू या नजरेने पाहावेत. मुंबईत बरगड्यांपाशी येणारा चेंडू तिथे गळ्याशी येतो आणि तोही अंदाजापेक्षा निमिषभर आधी. फलंदाज खाली वाकतो किंवा मान मागे घेतो, पण उशिरा.

नकाशा चुकण्याचं मोठं कारण पायाखाली असतं. बऱ्हाणपूरला तापीच्या राजघाटापासून आसपासच्या शिवाराकडे निघालं, की केळी आणि कपाशीची काळी जमीन लागते. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि आषाढात ती फुगून चिकट होते. खानदेश, विदर्भ, निमाडभर क्रिकेट वाढलं ते अशाच मातीवर. काळ्या मातीची खेळपट्टी संथ असते. टप्प्यावर चेंडूचा वेग मरतो आणि उसळी मांडीच्या वर क्वचित जाते. मुंबईची लाल माती त्या मानाने उदार आहे, ती बऱ्यापैकी उसळी देते.

ऑस्ट्रेलियातल्या खेळपट्ट्याही चिकणमातीच्याच असतात. सिडनीची प्रसिद्ध बुली माती तर काळीच आहे. फरक आहे तो तयारीत. तिथे मातीचे थर ओले असताना जड रोलरने पुन्हा पुन्हा दाबतात. वर जिवंत गवत राखतात आणि त्याची मुळं मातीला आतून बांधून ठेवतात. मग सगळं हळूहळू, सारखं सुकू देतात. तयार होणारा पृष्ठभाग इतका टणक असतो की त्यावर आदळताना चेंडूची ऊर्जा फार कमी खर्ची पडते. गोलंदाज तोच, वेग तोच, तरी चेंडू फलंदाजापर्यंत जास्त उंच आणि जास्त लवकर पोहोचतो.

याचा परिणाम फक्त बाऊन्सरपुरता राहत नाही, आणि इथेच नवख्या फलंदाजाची खरी कोंडी होते. भारतात चांगल्या टप्प्याचा, यष्ट्यांच्या रेषेतला चेंडू सोडून देणं म्हणजे त्रिफळा किंवा पायचीत. त्यामुळे बॅट पुढे नेण्याची सवय हाडात भिनते. पर्थला किंवा ब्रिस्बेनला तोच चेंडू यष्ट्यांच्या वरून जातो. तो टप्प्यावरूनच सोडता येतो, नव्हे सोडायलाच हवा, कारण बॅट पुढे गेली तर कडेला लागून झेल स्लिपमध्ये जातो. पुढच्या पायावर येण्याच्या ज्या सवयीने मायदेशी धावा दिल्या, तीच सवय तिथे बळी घेते. उलट कट आणि पुल हे मागच्या पायावरचे फटके, जे भारतात जपून खेळावे लागतात, ते तिथे धावांची खाण ठरतात. चेंडू खरा उसळतो, उंची भरवशाची असते, आणि एकदा ती उंची डोक्यात बसली की आडव्या बॅटने खेळणं सोपं होतं.

पाटीलच्या बाबतीत नेमकं हेच घडलं असावं, असं त्या मालिकेचे आकडे पाहून म्हणावंसं वाटतं. तो ऑस्ट्रेलियात अगदीच कोरा नव्हता. 6 डिसेंबर 1980 रोजी मेलबर्नला त्याने आपल्या पहिल्याच एकदिवसीय सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध 64 धावा केल्या होत्या आणि भारत तो सामना जिंकला होता. सिडनीतही कोसळण्याआधी तो 65 धावांपर्यंत पोहोचला होता, म्हणजे नकाशा बदलायला लागला होता. कानावरच्या त्या आघातानंतर दुसऱ्या डावात त्याला पुन्हा मैदानात उतरावं लागलं, कारण संघावर डावाच्या पराभवाचं सावट होतं. पुढच्या दिवसांत तिरंगी एकदिवसीय मालिका चालू होती, खेळपट्ट्या तशाच होत्या आणि गोलंदाजही बरेचसे तेच. एकोणीस दिवसांत एवढ्या चेंडूंनी डोक्यातला अंदाज दुरुस्त होऊ शकतो.

ॲडलेडला तो हेल्मेट घालून उतरला. हेल्मेट तेव्हा नवीनच होतं. डेनिस अमिसने ते 1977 साली केरी पॅकरच्या सामन्यांत वापरायला सुरुवात केली होती, आणि कसोटीत ते पहिल्यांदा दिसलं 1978 साली, ग्रॅहम यॅलपच्या डोक्यावर. तेव्हाचे कितीतरी फलंदाज त्याच्याकडे संशयाने बघत. भारतीय क्रिकेटला या धोक्याचं स्मरण मात्र कायम होतं. मार्च 1962 मध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्यावर लागून कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर मरणाच्या दारातून परत आले होते आणि त्यांची कसोटी कारकीर्द तिथेच संपली होती. हेल्मेटने उसळीचा अंदाज येत नाही. पण डोक्याची काळजी मिटली की फलंदाजाचं लक्ष पुन्हा चेंडूच्या टप्प्याकडे जातं.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पाटीलने आपला खेळ टाकला नाही. लिली-पास्कोसमोर तो बचावाच्या कोषात शिरला असता, तर कुणीही त्याला दोष दिला नसता. त्याने मारणं चालू ठेवलं, फक्त कुठला चेंडू मारायचा याची निवड बदलली. दुसऱ्या डावात भारताने 8 बाद 135 अशा अवस्थेत ती कसोटी कशीबशी अनिर्णित राखली. पुढची मेलबर्नची कसोटी जिंकून मालिका बरोबरीत सोडवली. पाटीलच्या 174 धावा नसत्या, तर मेलबर्नच्या विजयाला मालिकेच्या हिशेबात काहीच मोल उरलं नसतं.

हीच कहाणी बेसबॉलमध्येही घडते, आणि तिथला एक खेळाडू पाटीलशी ताडून पाहण्याजोगा आहे. दक्षिण कोरियाचा पार्क ब्युंग-हो हा कोरियन लीगमधला सर्वांत धडाकेबाज फटकेबाज. 2014 साली त्याने 52 होमरन मारले, 2015 साली 53. 2016 मध्ये मिनेसोटा ट्विन्सने त्याला अमेरिकेत मेजर लीगसाठी आणलं. बेसबॉलमध्ये चेंडूचा टप्पा पडत नाही, तेव्हा मातीचा प्रश्न नाही. तिथे अडचण निखळ वेगाची. मेजर लीगमधले पिचर कोरियातल्या पिचरांपेक्षा सरासरीने बरेच वेगवान असतात. ताशी 150 किलोमीटरच्या पुढचा चेंडू फलंदाजापर्यंत सेकंदाच्या चार दशांशात पोहोचतो. कोरियात रुजलेली पार्कची लय त्यापुढे किंचित उशिरा पडू लागली. त्याने 12 होमरन मारले, काही अतिशय लांब, पण 62 सामन्यांत त्याची फलंदाजीची सरासरी .191 राहिली. जुलैमध्ये त्याला खालच्या लीगमध्ये पाठवलं, हाताची शस्त्रक्रिया झाली, आणि मेजर लीगमध्ये तो पुन्हा खेळला नाही. 2018 साली मायदेशी परतल्यावर त्याने त्या एका मोसमात 43 होमरन मारले. हात तेच होते, ताकदही तीच.

त्याचाच देशबांधव कांग जुंग-हो आदल्या वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सकडे आला होता. त्याला फटक्याआधी पुढचा पाय उंच उचलण्याची सवय होती. अशा फटक्यात ताकद जास्त असते, पण वेळही जास्त जातो. अमेरिकेत दोन स्ट्राइक झाल्यावर तो पाय उचलणं सोडून देई आणि छोट्या हालचालीत खेळे. त्या पहिल्या मोसमात त्याने .287च्या सरासरीने 15 होमरन मारले. क्रिकेटचे प्रशिक्षक परदेश दौऱ्याआधी फलंदाजाला ‘बॅकलिफ्ट कमी कर, लवकर तयार राहा’ असं सांगतात, त्यामागेही हाच हिशेब आहे.

पार्कची आठवण झाली की मुंबईच्या माणसाच्या मनात विनोद कांबळी येतोच. फेब्रुवारी 1993 मध्ये वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध 224, मार्चमध्ये दिल्लीत झिम्बाब्वेविरुद्ध 227, मग श्रीलंकेत आणखी दोन शतकं. पुढे 1994 च्या अखेरीस वेस्ट इंडिजचा संघ भारतात आला. कोर्टनी वॉल्श आणि केनी बेंजामिन यांनी त्याच्यावर आखूड टप्प्याचा मारा लावून धरला आणि कांबळी अडखळला. शेवटची कसोटी तो नोव्हेंबर 1995 मध्ये खेळला, तेव्हा त्याचं वय 23 होतं. 17 कसोट्यांत सरासरी 54.20. त्याच्या घसरणीला इतरही कारणं होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण आखूड चेंडूविरुद्धचा दोष हा शिकून दूर करता येण्याजोगा दोष असतो, आणि तो दूर करायला लागणारे सामने त्याला मिळाले नाहीत, हे दुःख आजही बोचतं.

या सामन्यांची, चेंडूंच्या या संख्येची जागा सरावाने काही अंशी भरून काढता येते. मुंबईकडे यासाठी एक परंपरागत साधन आहे : कांगा लीग. 1948 पासून भर पावसाळ्यात, ओल्या आणि उघड्या खेळपट्ट्यांवर खेळली जाणारी ही स्पर्धा फलंदाजाला थांबायला, चेंडू उशिरा आणि मऊ हातांनी खेळायला शिकवते. वेग मात्र ती शिकवू शकत नाही. त्यासाठी सिमेंटच्या विकेटवर ओला टेनिस चेंडू जोरात आपटण्याची युक्ती भारतात पूर्वीपासून चालत आली आहे. हा चेंडू टप्प्यानंतर सरसरत छातीवर येतो. हल्ली साइडआर्म नावाची लांब दांड्याची चमच्यासारखी पट्टी आली आहे. तिच्यातून थोड्या अंतरावरून ताशी 140-150 किलोमीटरने चेंडू फेकता येतो आणि भारतीय संघाच्या सरावात ती आता रोजची झाली आहे. गोलंदाजी यंत्रापेक्षा साइडआर्म बरी, कारण समोर माणसाचा हात असतो, आणि फलंदाज सुगावा घेतो तो हातावरूनच.

तरी सरावाला मर्यादा आहेत. पृथ्वी शॉने ऑक्टोबर 2018 मध्ये राजकोटला कसोटी पदार्पणातच 134 धावा केल्या. डिसेंबर 2020 मध्ये ॲडलेडला मिचेल स्टार्कच्या दुसऱ्याच चेंडूवर, बॅट आणि पॅडमधल्या फटीतून त्याचा त्रिफळा उडाला. दुसऱ्या डावात पॅट कमिन्सने जवळजवळ तसाच त्रिफळा घेतला. त्याच सामन्यात भारत 36 धावांत बाद झाला, म्हणजे दोष एकट्या शॉचा नव्हता. पण कसोटी संघातली त्याची जागा गेली. चार वर्षांनी यशस्वी जयस्वाल पर्थला पहिल्याच डावात स्टार्कसमोर शून्यावर बाद झाला. दुसऱ्या डावात त्याने 297 चेंडूंत 161 धावा केल्या. पाटीलला नकाशा बदलायला एकोणीस दिवस लागले, जयस्वालने तो एका सामन्यातच बदलला.

संदीप पाटीलची पुढची वाटचालही याच प्रश्नाभोवती फिरली. 1982 साली ओल्ड ट्रॅफर्डला त्याने नाबाद 129 धावा केल्या आणि बॉब विलिसच्या एकाच षटकात सहा चौकार मारले. त्यातला एक नो-बॉलवरचा होता. पुढच्याच वर्षी त्याच मैदानावर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात त्याने 32 चेंडूंत नाबाद 51 धावा काढल्या. मग डिसेंबर 1984 मध्ये दिल्ली कसोटीत हवेत मारलेल्या एका फटक्यासाठी त्याला वगळण्यात आलं. त्याच सामन्यातल्या फटक्यासाठी वगळलेला कपिल देव परत आला, पाटील परतला नाही. 29 कसोटी, 1588 धावा, 4 शतकं, एवढ्यावर कारकीर्द थांबली.

2012 ते 2016 या काळात पाटील राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष होते. मार्च 2013 मध्ये डोंबिवलीच्या अजिंक्य रहाणेने दिल्लीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी पदार्पण केलं आणि 7 आणि 1 अशा धावा केल्या. एवढ्या आकड्यांवर नाव खोडून टाकणं सोपं होतं. समितीने त्याला डिसेंबरच्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यावर पाठवलं. डर्बनला डेल स्टेन आणि मॉर्नी मॉर्केलसमोर त्याने नाबाद 51 आणि 96 धावा केल्या. फेब्रुवारी 2014 मध्ये वेलिंग्टनला 118, जुलैत लॉर्ड्सच्या हिरव्या खेळपट्टीवर 103. आणि डिसेंबरमध्ये मेलबर्नला, मिचेल जॉन्सन ऐन भरात असताना, विराट कोहलीसोबत 262 धावांची भागीदारी करत त्याने 147 धावा केल्या. जॉन्सनच्या आखूड चेंडूंवर त्याने बिनधास्त पुल आणि कट मारले.